रीगलसमोरच्या पोलीस मुख्यालयावर दाढीवाला देव आणि घोडे का कोरलेत?

पार्क_चौक_सोलापूर

मंडळी नमस्कार. मागच्या आठवड्यात पोरीला घेऊन मुंबईला गेलतो, सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं सकाळी उतरलो, आंघोळ-नाश्ता करून थेट गेटवे. परत येताना रीगल टॉकीजच्या चौकात सिग्नलला उभे होतो तेव्हा समोर ती दगडी इमारत, महाराष्ट्र पोलिसांचं मुख्यालय, म्हणजे आजवर टीव्हीवर बातम्यांत शंभरदा बघितलीय पण कधी मान वर करून बघितली नव्हती. पोरगी नववीत आहे, चित्रकलेची लई आवड, ती एकदम म्हणाली पप्पा वर बघा, देव आहे. खरंच, दर्शनी भागाच्या त्रिकोणात एक दाढीवाला पुरुष कोरलाय, सोबत बायका, घोडे. ती म्हणे सूर्यनारायण असणार, घोडे आहेत म्हणजे रथ असणार. मी पण हो म्हणालो, मला तरी काय माहिती. पण रस्त्याच्या पलीकडून मोबाईलवर फोटो काढलाय तो घरी येऊन मोठा करून बघितला तर घोड्याचा मागचा भाग माशासारखा वाटतोय. आता तिला झोप नाही.

शाळेत तिला पाण्याकाठच्या जुन्या सरकारी इमारतीवर प्रोजेक्ट करायचंय आणि ती हट्ट धरून बसलीय की हीच घेणार. माझे प्रश्न असे की तो देव कोण, पोलिसांच्या कचेरीवर माशाचे घोडे कशाला, आणि ही इमारत पाण्याकाठची म्हणता येईल का, कारण तिथं उभं राहिलं की समुद्र दिसतच नाही, मधे सगळ्या बिल्डिंगी. कुणी जाणकार असेल तर नीट सांगा, वरवरचं नको, ती लई खोदून विचारते.

चुना_आणि_चिरा

मालक, तुमच्या पोरीचं आधी कौतुक, कारण त्या चौकातून रोज हजारो माणसं जातात आणि वर कुणी बघत नाही. मी आर्किटेक्ट आहे, मूळचा बाळीवेशीतला, जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो, त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

तो सूर्य नाही, नेपच्यून आहे, रोमन लोकांचा समुद्रदेव, म्हणजे आपला वरुण म्हणा. सोबत जलपऱ्या आणि समुद्री घोडे. आता पोलिसांशी त्याचा काय संबंध, तर काहीच नाही, कारण ही इमारत पोलिसांसाठी बांधलीच नव्हती. हिचं मूळ नाव रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम, खलाशांची धर्मशाळा समजा. १८६९ साली सुएझचा कालवा सुरू झाला, विलायतेहून येणारी बोट आफ्रिकेला वळसा न घालता सरळ मुंबईला यायला लागली, बंदरात जहाजं वाढली तसे खलाशी वाढले. महिनोन्‌महिने समुद्रावर काढून उतरलेला माणूस, खिशात पगार, गावात ओळख ना पाळख, तो गुत्त्यात लुटला जायचा नाहीतर रस्त्यावर पडायचा. त्याला चार दिवस नीट राहता यावं म्हणून हे घर. २० अधिकारी आणि ५८ खलाशी राहतील एवढी सोय होती, अडीनडीला जास्त.

१८७० मध्ये व्हिक्टोरिया राणीचा दुसरा मुलगा आल्फ्रेड मुंबईला आला, तो स्वतः नौदलातला, गॅलाटिया नावाच्या जहाजाचा कप्तान म्हणूनच फिरत होता, त्याच्या हातून पायाभरणी झाली म्हणून त्याचं नाव. आणि पैसा? ही गोष्ट पोरीला जरूर सांगा, बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी २ लाख रुपये दिले, त्या काळचे. त्याच वर्षाच्या शेवटी खंडेराव वारले, इमारत उभी राहिलेली बघायला ते नव्हते. काम १८७२ ते १८७६ चाललं.

नकाशा केला फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सनं. होय, तोच, व्हीटी स्टेशन बांधणारा, समोरची महानगरपालिकेची इमारत पण त्याचीच. पण हे सगळं नंतरचं. १८६७ साली तो सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला आला तेव्हा विशीचा होता, आणि सेलर्स होम हे त्याचं पहिलं मोठं काम. व्हीटी बघितलेल्या माणसानं इथं येऊन बघावं, हात अजून आवरलेला आहे, घुमट नाही, मनोऱ्यांची गर्दी नाही, टोकदार कमानींच्या रांगा, त्यामागं खोल व्हरांडे, निळसर काळा बेसाल्ट आणि त्यात फिक्या रंगाच्या दगडाची नक्षी. याला गॉथिक म्हणतात, त्यातही व्हेनिस शहराकडची धाटणी. मला विचाराल तर व्हीटीपेक्षा ही जास्त आवडते, व्हीटीत स्टीव्हन्सला सगळं दाखवायचं होतं, इथं त्याला खलाशाला सावली द्यायची होती.

समुद्राचं म्हणाल तर तुमची शंका रास्त आहे. आज मधे बरंच काही आहे, पण तेव्हा काठ याहून जवळ होता. अपोलो बंदर, जुनं पालव बंदर, तिथं १९१५ ते १९१९ च्या सुमाराला भराव घालून पुढं जमीन काढली आणि त्या जमिनीवर गेटवे उभा राहिला, तो १९२४ साली पुरा झाला. म्हणजे तुम्ही गेटवेखाली जिथं फोटो काढला असेल तिथं सेलर्स होम बांधताना पाणी होतं. मुंबईत इमारत हलत नाही, समुद्र मागं सरकवतात.

पार्क_चौक_सोलापूर

सर लई उपकार. पोरीला वाचून दाखवलं, गायकवाडांच्या नावाला ती थांबली, म्हणाली म्हणजे ही इंग्रजांची इमारत आपल्या माणसाच्या पैशानं झाली का. आता तिचा पुढचा प्रश्न, दोन रंगांचा दगड कशाला, सगळाच काळा का नाही वापरला? आणि खलाशी गेले कुठं?

चुना_आणि_चिरा

काळा दगड कठीण, छिन्नी दमते. भिंतीला तो उत्तम, पाऊस-वारा काही करत नाही, पण बारीक पानं-फुलं-चेहरे काढायचे तर मऊ दगड घ्यावा लागतो. म्हणून अंगाला बेसाल्ट आणि कंगोऱ्यांना, खांबांच्या टोप्यांना फिका दगड. बेसाल्टमध्ये नाजूक काम होत नाही असंच समजा.

भीमाकाठ

शेवटच्या वाक्याला माझा विरोध आहे सर, राग मानू नका. आमचं घराणं पाथरवटाचं, आजा-पणजा टाकी-सुतकी हातात घेऊनच गेले, मी पण वीस वर्षं तेच करतोय. बेसाल्टमध्ये नाजूक काम होत नाही म्हणता, मग आपल्या हत्तरसंग कुडलला जाऊन बघा की. भीमा-सीनेच्या संगमावर, अगदी पाण्याकाठी, तिथल्या देवळात शके ९४० म्हणजे १०१८ सालचा मराठी शिलालेख आहे आणि ते मुखलिंग, एका लिंगावर ३५९ मुखं, बोटाएवढाली, आणि प्रत्येकाला नाक-डोळे. कुठल्या दगडात केलंय? आपल्याच काळ्या दगडात. होत नाही असं नाही, वेळ लागतो. आमचा आजा म्हणायचा काळ्या दगडाला घाई चालत नाही, जोरात मारला की कपची उडते आणि महिन्याचं काम जातं, लहान लहान घावानं घासत घासत जायचं. इंग्रजाला चार वर्षांत इमारत उभी करायची होती, ठेकेदारी होती, म्हणून मऊ दगड आणला. एवढंच.

बाकी तुमचं सगळं पटलं, त्या इमारतीचे चिरे मी बघितलेत, कामासाठी मुंबईत होतो तेव्हा मुद्दाम जाऊन बघून आलतो. कडा बघा कशा सुरेख आहेत, दोन चिऱ्यांत पोस्टकार्ड जाईल एवढीच फट. ते आपल्याच लोकांच्या हातचं काम आहे, नाव स्टीव्हन्सचं लागलं.

चुना_आणि_चिरा

अण्णा, चूक कबूल. कुडलचं मुखलिंग मी स्वतः बघितलंय आणि तरी असं लिहून गेलो. "परवडत नाही" म्हणायला पाहिजे होतं, "होत नाही" नाही. तुम्ही फटीचा विषय काढलात म्हणून त्यावरच बोलतो, कारण जुन्या इमारतीचा जीव त्या फटीत असतो.

ही सगळी बांधणी चुन्याची. चुना हळूहळू आवळतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून परत दगड होतो, आणि झाला तरी दगडापेक्षा मऊच राहतो. भिंत थोडी हलली, उन्हानं फुगली, तर ताण चुना घेतो, दगड तडकत नाही. दुसरं म्हणजे चुना श्वास घेतो. समुद्राकाठी हवेत खार, तो पाण्यासोबत भिंतीत मुरतो, आणि पाणी चुन्याच्या दरजेतून, म्हणजे दोन चिऱ्यांमधल्या त्या फटीतून, परत बाहेर पडतं. आता कुणी हौसेनं सिमेंटनं दरजा भरल्या की पाण्याची वाट बंद. मग ते दगडातून बाहेर यायला बघतं, मऊ दगडाच्या आतच खार साठतो, त्याचे स्फटिक फुगतात आणि वरचा पापुद्रा सुटतो. बेसाल्ट टिकतो, पण नक्षी जाते. नेपच्यूनची दाढी टिकवायची असेल तर दरजेत काय भरलंय त्यावर लक्ष ठेवायला लागतं.

भीमाकाठ

बरोबर, याला आम्ही लोणा लागणं म्हणतो. सोलापुरातच एका जुन्या वाड्यात मला बोलावलतं, मालकानं दोन वर्षांपूर्वी सगळ्या दरजा सिमेंटनं भरून घेतल्या, दिसायला चकाचक. मी गेलो तेव्हा चौकटीच्या शेजारचा दगड बोट लावला तर पिठासारखा पडत होता. आधी शंभर-सव्वाशे वर्षं काही झालं नव्हतं. सिमेंट काढायला तीन महिने गेले, हातानं, छिन्नीनं, कारण मशीन लावलं की कडा जातात. चुना, वाळू, विटेची सुरखी म्हणजे भुकटी, एवढंच घालून परत भरलं. आता चुन्याच्या घाणीवर, म्हणजे दगडी चाकाच्या चक्कीवर, चुना मळणारा माणूस मिळत नाही ही खरी अडचण आहे.

आजोबा_भवानीपेठ

सर्वांना नमस्कार. नातवाकडून टाइप करून घेतोय. खलाशी गेले कुठे हे विचारलंय त्याचं उत्तर मी देतो, कारण त्या इमारतीत मी जाऊन आलो आहे, आणि तेव्हा तिथे पोलीस मुख्यालय नव्हतं.

१९२८ साली सरकारनं ती जागा घेतली आणि मुंबई इलाख्याचं कायदेमंडळ तिथे बसायला लागलं. तेव्हापासून ती कौन्सिल हॉल. आमच्या पिढीला सेलर्स होम हे नाव माहीतच नव्हतं, आम्ही कौन्सिल हॉलच म्हणायचो. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला तो कारभारही तिथूनच सुरू झाला, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री म्हणून त्याच सभागृहात बसले. १९८१ ला नरिमन पॉइंटला नवं विधानभवन झालं तेव्हा आमदार तिकडे गेले आणि मग पोलीस आले.

मी एका जिल्हा कचेरीत कारकून होतो. अधिवेशन लागलं की तारांकित प्रश्न यायचे, त्यांची उत्तरं घेऊन कुणाला तरी रात्रीच्या गाडीनं मुंबईला धाडायचे. ७३ च्या मार्चात मला धाडलं. दुष्काळ. प्रश्न काय तर सोलापूर जिल्ह्यात किती कामं चालू, किती मजूर, किती दिवसांची मजुरी थकली. कापडी गठ्ठा बांधून दिला होता, तो मांडीवर घेऊन रात्रभर जागा होतो, हरवला असता तर नोकरी गेली असती. सकाळी कौन्सिल हॉलला पोचलो, साहेब आत, मला व्हरांड्यात थांबायला सांगितलं. मी कमानीच्या खांबाला पाठ टेकून खाली बसलो. बाहेर ऊन, पण तो दगड असा गार होता की सदरा घामानं ओला होता तो तसाच गार पडला. आदल्या आठवड्यात मी कामावर हजेरी तपासायला गेलो होतो, बायका-पोरं उन्हात खडी फोडत होती, तोच काळा दगड, फडक्यानं बांधलेली बोटं. आणि त्यांचे आकडे माझ्या मांडीवर. अजून तो गारवा पाठीला आठवतो.

आपल्या जिल्ह्याची माणसं त्या सभागृहात होती हे नातीला सांगा. सांगोल्याचे गणपतराव देशमुख १९६२ ला पहिल्यांदा निवडून आले, पुढे ११ वेळा आमदार झाले, त्यांची सुरुवात त्याच दगडी इमारतीत. सुशीलकुमार शिंदे आधी पोलीस खात्यात फौजदार, ती नोकरी सोडली आणि १९७४ ला करमाळ्यातून निवडून येऊन तिथे आमदार म्हणून बसले. फौजदारकी सोडलेला माणूस जिथे आमदार झाला तिथेच पुढे पोलिसांचं मुख्यालय झालं.

सातरस्ता_ताई

आजोबा, अंगावर काटा आला वाचून. एक गोष्ट राहिली ती मी टाकते, मी इतिहास शिकवते म्हणून. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याबद्दल वाचताना "मोर्चा कौन्सिल हॉलवर निघाला" असं वाक्य येतं ना, तो हाच कौन्सिल हॉल. २१ नोव्हेंबर १९५५, विधानसभेत राज्य पुनर्रचनेचा विषय, मोरारजी देसाई मुख्यमंत्री, मुंबईत संप, गिरण्यांतले कामगार चालत निघाले आणि फ्लोरा फाउंटनला त्यांना अडवून गोळीबार केला. त्या एका दिवशी १५ माणसं गेली, पुढे आकडा १०६ वर गेला. आज जिथं हुतात्मा स्मारक आहे तिथून ही इमारत चालत पंधरा-वीस मिनिटांवर आहे, तेवढं अंतर ते लोक कापू शकले नाहीत. मी वर्गात मुलांना नकाशावर दोन्ही जागा बोटानं दाखवते, मग धडा वाचते. आपल्याकडं हुतात्मा म्हटलं की चार पुतळे आठवतात, धनशेट्टी, सारडा, शिंदे, कुर्बान हुसेन, ते १९३० च्या सोलापूरच्या मार्शल लॉचे. तिकडचे हुतात्मे वेगळे, पण पोरांना दोन्ही माहीत पाहिजेत.

पार्क_चौक_सोलापूर

काय बोलावं कळेना. मी चार ओळींची माहिती मागायला आलतो. आजोबा, तुमचा तो व्हरांड्याचा किस्सा पोरीनं वहीत जसाच्या तसा उतरवून घेतलाय, प्रोजेक्टमध्ये घालू का? नाव नाही घालणार.

एक मनात येतंय ते बोलतो. ही इमारत १८७० च्या दशकातली, आपली सोलापूरची जुनी कापडगिरणी पण त्याच दशकातली. तेव्हा दोन्हीकडं दगड, चुना, मेहनत सारखीच लागली असेल. आज एक उभी आहे आणि दुसरीचं काय उरलंय ते सोलापूरकराला सांगायला नको. माझे वडील गिरणीत होते म्हणून जास्त लागतं. असं का होतं? मुंबईत आहे म्हणून वाचली का?

चुना_आणि_चिरा

मुंबईत आहे म्हणून नाही हो, मुंबईत पण कित्येक गिरण्या गेल्याच की. माझ्या अनुभवात इमारत वाचते ती रोज कुणीतरी तिथं कामाला येतं म्हणून. खलाशांची गरज संपली तेव्हा कायदेमंडळ आलं, ते गेलं तेव्हा पोलीस आले, मधे कुलूप लागलं नाही. कुलूप लागलेल्या इमारतीत पहिल्या पावसाळ्यात कौल सरकतं, ते कुणाला दिसत नाही, दुसऱ्या पावसाळ्यात वासा कुजतो, पाचव्याला पिंपळ. रोजचा शिपाई असला की तो पहिल्याच दिवशी ओरडतो, साहेब पाणी गळतंय. आपलं इंद्रभुवन बघा, आप्पासाहेब वारदांचा राहता वाडा, पण महापालिकेची कचेरी झाली म्हणून आज उभं आहे, त्याच्या कमानी आणि पुतळे आपण बघू शकतो. गिरणीला गिरणीशिवाय दुसरं काम कुणी दिलंच नाही. दगड तोच होता, तुमचं बरोबर आहे. तिथं शाळा, बाजार, काहीही चाललं असतं, एवढ्या मोठ्या शेड, एवढा उजेड. मला याचं दुःख आहे आणि ते जात नाही.

प्रोजेक्टसाठी एक युक्ती देतो. इमारतीची उंची मोजायची तर टेप लागत नाही. डोळ्यासमोरचा दगडाचा एक थर मोजायचा, मग वरपर्यंत थर मोजत जायचं आणि गुणायचं. थर सारख्या उंचीचे असले पाहिजेत एवढंच. आधी घराजवळ सराव करा, भुईकोटाच्या तटाला.

आजोबा_भवानीपेठ

किस्सा खुशाल घाला. फक्त "मजुरी थकली होती" हे वाक्य गाळू नका.

पार्क_चौक_सोलापूर

नाही गाळणार आजोबा. आज सकाळी दोघं किल्ल्यावर गेलतो, सिद्धेश्वर तलावाच्या बाजूनं. एक थर म्हणजे माझी एक वीत आणि चार बोटं, तिनं २३ पर्यंत मोजले आणि मग वर झुडपं आली, शिवाय थर सगळे सारखे नाहीत, कुठं मोठा कुठं लहान, त्यामुळे हिशोब जमेना. पण मोजता मोजता तिला एक चिरा सापडला, बाकीच्यांसारखा साधा नाही, त्यावर वेलबुट्टी आहे, आणि ती आडवी आहे, म्हणजे दगड उभा असायला पाहिजे होता तो कुणीतरी आडवा बसवलाय. ती आता तेच चित्र काढूलालीय, नेपच्यून बाजूला राहिला. हा दगड कुठला असेल अण्णा? फोटो काढला पण नक्षी काही नीट येईना, सगळं काळंच दिसतंय.

भीमाकाठ

देवळाचा असणार, आपल्या तटात असे बरेच आहेत, जुन्या देवळाचे दगड घेऊन बसवलेले. किल्ल्यात आत देवळाचे अवशेष पण आहेत, ते बघून या, नक्षी जुळते का ताडून बघा. आणि फोटो दुपारी काढू नका, ऊन समोरून पडलं की काळ्या दगडावर काही दिसत नाही. ऊन तिरपं असताना जा, एकदा सकाळी लवकर आणि एकदा संध्याकाळी, ज्या वेळेला बाजूनं प्रकाश येतो ती वेळ पकडा. सावली खाचेत बसली की टाकीचा घाव न् घाव उठून दिसतो. मी रविवारी येतो, पोरीला घेऊन तटाजवळ थांबा, छिन्नी कशी धरायची ते पण दाखवतो.